वास्तुकला सातवीलाच शिकवावी



‘शाळेत वास्तुकला कशाला?’ हे पत्र वाचले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इमारती शिकवणे म्हणजे साहेबाच्या थाटाचे कौतुक, आणि तेही सातवी-आठवीच्या मुलांच्या डोक्यावरून जाणारे, असा पत्रलेखकाचा आक्षेप आहे.

मुंबईत १९१३ साली पूर्ण झालेल्या जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला आहे. राज्यकर्त्यांना इथले घुमट आपल्या कचेरीवर का हवेसे वाटले, हा प्रश्न कौतुकाचा नाही, चिकित्सेचा आहे. शिवाय त्या काळाचे बांधकाम म्हणजे केवळ गेटवे ऑफ इंडिया नव्हे. १९२० च्या दशकातल्या, कामगारांच्या बीडीडी चाळीही त्यातच येतात.

राहिला समजण्याचा प्रश्न. शाळेच्या पटांगणात १६० चौरस फुटांची खोली फक्कीने आखा. बीडीडी चाळीतली खोली एवढीच असे. तीत एका कुटुंबाची चूल, अंथरुणे, पेट्या मांडायला मुलांना सांगा. क्षेत्रफळ आणि गिरणी कामगारांचा इतिहास एकाच तासात कळतो. मुंबईच्या ओव्हल मैदानावर नेले, तर एका बाजूला राजाबाई टॉवरचे दगडी गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातले काँक्रीटचे गोलसर सज्जे दिसतात. साहित्य बदलले की आकार बदलतो, हे बारा वर्षांच्या मुलालाही उमगते.

शैलींची नावे आणि सनावळ्या घोकून घेतल्या, तर विषय रटाळ होईल, हे मान्य. पण तो दोष पद्धतीचा. त्यासाठी विषयच वगळू नये.

– एक इतिहास शिक्षिका, डोंबिवली