गडगडाट झाला की मैदान रिकामे

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ श्रीसदस्यांचा उष्माघाताने मृत्यू झाला. डोक्यावर छप्पर नसलेल्या जागी धोका दिसत असताना थांबायचे कधी आणि थांबवायचे कोणी, हा प्रश्न खारघरला तरी आता नवा नाही. मुलांच्या संध्याकाळच्या सरावालाही तोच प्रश्न विचारायला हवा. तिथे धोका विजेचा आहे.

कोकणपट्टीत विजांचा कडकडाट होतो तो मुख्यतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात, तोही दुपारनंतर किंवा संध्याकाळी. नेमक्या याच वेळी क्रिकेट, फुटबॉल आणि ॲथलेटिक्सचे वर्ग भरलेले असतात. खारघरमध्ये सेंट्रल पार्क, सिडकोचे फुटबॉल केंद्र, शाळांची पटांगणे अशा मोकळ्या जागा भरपूर आहेत. मात्र डोंगर आणि उंच इमारतींमुळे क्षितिज झाकलेले असते. ढग अगदी जवळ येईपर्यंत अनेकदा कळतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ जण वीज पडून दगावले. यात शेतावर राबणारे सर्वाधिक असले, तरी खेळाडूही सुटलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सामन्याआधी पाऊस आला म्हणून हॉकीपटू झाडाखाली थांबले. वीज कोसळली आणि तिघे गेले. वीज थेट अंगावर पडण्याचे प्रकार थोडे असतात. बहुतेकांना धक्का बसतो तो झाडावरून उडी घेणाऱ्या किंवा जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचा. म्हणून झाडाचा आडोसा हा आसरा नव्हे, सापळा आहे.

नियम सोपा आहे. गडगडाट ऐकू आला, की सराव बंद. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमकल्यानंतर तीस सेकंदांत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या मैदानावर पडू शकते. पावसाची वाट पाहू नये, कोरड्या मैदानावरही वीज पडते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा मैदानात उतरायचे नाही. थांबायला उशीर झाला तर काय होते, ते पेरूमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसले. पंचांनी सामना थांबवला होता, खेळाडू बाहेर पडत होते, तेवढ्यात वीज पडली आणि एकाचा जीव गेला.

जायचे कुठे, हेही आधी ठरलेले हवे. वायरिंग आणि नळजोडणी असलेली पक्की इमारत उत्तम. ती नसेल तर काचा बंद केलेली बस किंवा मोटार. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, मंडप, फ्लडलाइटचा खांब, गोलपोस्ट, लोखंडी कुंपण आणि स्कूटर यांपासून दूर राहावे. मोबाइल वीज ओढून घेतो, हा गैरसमज आहे. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप प्रत्येक प्रशिक्षकाच्या मोबाइलवर असावे. आसपास वीज पडत असल्याचा इशारा त्यावर मिळतो.

तरीही अपघात झालाच, तर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह साठून राहत नाही, त्याला हात लावणे सुरक्षित असते. या धक्क्याने हृदय आणि श्वास दोन्ही थांबतात. हृदय अनेकदा आपोआप सुरू होते, श्वास मात्र उशिरा येतो. तोवर प्राणवायूअभावी हृदय पुन्हा बंद पडते. म्हणून छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास देणेही आवश्यक आहे: तीस दाब, दोन श्वास, आणि एकाने लगेच १०८ला फोन. एकाच वेळी अनेकांना धक्का बसला असेल, तर नेहमीचा क्रम उलटा करावा. जो विव्हळतो आहे तो बहुधा वाचणार असतो. जो निपचित पडला आहे, त्याच्याकडे आधी धावावे. शुद्धीवर असलेल्यांनाही नंतर रुग्णालयात न्यावे. कानाचा पडदा, डोळे, स्मरणशक्ती यांवरचे परिणाम मागाहून दिसू शकतात.

यातले काहीच खर्चिक नाही. मैदान देताना सिडको, पनवेल महापालिका आणि शाळांनी अकादमीला तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सराव थांबवणाऱ्याचे नाव, आसऱ्याची जागा आणि प्रथमोपचार शिकलेला प्रशिक्षक. बुडालेल्या तासाबद्दल पालकांनी कुरकुर करू नये. शिट्टी वाजवणाऱ्यावर फीचे किंवा स्पर्धेचे दडपण असेल, तर ती वेळेवर वाजणार नाही.