पहारा आमचा, किल्ल्या कोणाच्या?

गेल्या पंधरवड्यांत वेल्ह्याकडील आमचा एक जुना विद्यार्थी शाळेंत आला. बारावी झालेला, अंगानें धट्टाकट्टा. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर बारा तासांची पाळी करतो. हातांत एका खासगी कॉलेजचें रंगीत पत्रक होतें. म्हणाला, "गुरुजी, सिक्युरिटी मॅनेजमेंटची पदवी घेऊं का? आबा म्हणतात, वरचें खाचर विकूं, पण तूं साहेब हो." पत्रकांत नोकरीचीं आश्वासनें मोठ्या अक्षरांत होतीं व अटी बारीक अक्षरांत. त्यास आम्हीं जें सांगितलें, तेंच आमच्या सर्व शेतकरी व कारागीर बंधूंच्या कानीं घालावें, म्हणून हे चार शब्द.

पहारा आमच्या भोर-वेल्ह्याच्या लोकांस नवा नाहीं. वेल्हे तालुक्यास आतां ज्या राजगडाचें नांव मिळालें आहे, त्या राजगडाच्या आणि शेजारच्या तोरण्याच्या घेऱ्यांत आमच्या कित्येक पिढ्या रात्री जागल्या. गांवगाड्यांत जागल्या होता, रामोशी होता. चोरी झाली तर माग काढून देण्याचें ओझें त्यांच्याच शिरीं. पण गड केवळ भाल्यावर राखला जात नसे. शिवछत्रपतींच्या गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे बरोबरीचे अंमलदार असत. कोठाराचा हिशेब कारखानीस ठेवी. दरवाजे व किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीचे कागद सबनिसाकडे. एकट्यादुकट्यानें मनांत आणलें तरी गड शत्रूच्या घशांत घालतां येऊं नये, असा तो बंदोबस्त होता. आज ज्यास सुरक्षा-व्यवस्थापन म्हणतात, तें याहून निराळें काय आहे?

परंतु त्या व्यवस्थेंतहि लेखणी ठराविक जातींच्या हातीं राहिली, व घेऱ्यांतला माणूस अंगठ्याचाच धनी राहिला. इंग्रजी अमदानींत तर कहर झाला. ज्यांनीं गांवें राखलीं, त्या रामोशांवरच हजेरीची बेडी पडली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं निघाला, तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. राखणाराच चोर ठरला, कारण कागद त्याच्या हातीं नव्हता.

आज तरी काय चाललें आहे? हिंजवडीच्या कंपन्या, शिरवळचे व खेड-शिवापूरचे कारखाने, पुण्याचीं मोठमोठीं गृहसंकुलें, यांच्या दारांत ऊन-पावसांत आमचीं मुलें उभीं आहेत. पण कोठें किती माणसें ठेवावीं, कॅमेरा कोणत्या कोपऱ्यावर लावावा, आग लागल्यास लोक कोणत्या जिन्यानें बाहेर काढावे, कंत्राट किती रुपयांचें भरावें, हें ठरविणाऱ्या खुर्चीवर आमचा माणूस विरळा. ही खुर्ची मिळविण्याची विद्या कोणी शिकूं पाहत असेल, तर त्यास आम्ही 'नको' म्हणणार नाहीं. मात्र डोळे उघडे ठेवून शीक, एवढें म्हणूं.

पहिली गोष्ट, कायदा काय मागतो तें पाहा. खासगी सुरक्षा एजन्सींचा केंद्रीय कायदा २००५ सालचा. त्याप्रमाणें रखवालदाराचें वय १८ ते ६५ असावें, चालचलणूक स्वच्छ असावी आणि त्यानें ठरलेलें शिक्षण घेतलेलें असावें. हें शिक्षण २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत १०० तास वर्गांतलें व ६० तास मैदानावरचें, कमींत कमी वीस दिवसांचें, असें सांगितलें आहे. पंधरा रखवालदारांमागें एक सुपरवायझर असावा, असेंहि त्यांत आहे. यांत पदवीची अट कोठेंहि नाहीं. तेव्हां "पदवीवांचून गेटवर कोणी उभें करणार नाहीं" असें सांगणारा दलाल खोटें बोलतो, हें पक्कें समजावें.

दुसरी गोष्ट, पदवीचा खरा उपयोग. या अभ्यासांत धोक्याची पाहणी, आगीपासून बचाव, फौजदारी व कामगार कायदा, चौकशी व अहवाल लिहिणें, यंत्रांचा पहारा, माणसांची व्यवस्था, असे विषय येतात. गुजरातेंत गांधीनगर जिल्ह्यांत लवाड येथें राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. त्यास संसदेनें २०२० सालीं कायदा करून राष्ट्रीय दर्जा दिला. तेथें हा विषय शिकवितात. ज्यास प्रवेश मिळेल व खर्च झेपेल, त्यानें जरूर जावें. पण ज्यास झेपत नाहीं त्याची वाट बंद होत नाहीं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल १९६९ सालीं उभें राहिलें. त्यांत उपनिरीक्षकाच्या परीक्षेस कोणत्याहि शाखेची पदवी चालते. आपल्या राज्याच्या फौजदारकीच्या परीक्षेचेंहि तसेंच आहे. पदवी मान्य विद्यापीठाची असली म्हणजे झालें. तिच्यावर 'सिक्युरिटी' हा शब्द छापलेला असलाच पाहिजे असें नाहीं. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांस घरबसल्या पदवीचा रस्ता देत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा व शिका' याचा जो धडा घालून दिला, तो गेटवरच्या मुलासहि लागू आहे.

तिसरी गोष्ट, पैसे भरण्यापूर्वीं कॉलेजवाल्यास चार प्रश्न विचारावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची? विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तींत हें नांव तर नाहीं ना? शिकविणारे कोण, आणि त्यांनीं स्वतः हें काम कधीं केलें आहे काय? मागच्या वर्षीं पास झालेलीं मुलें आज कोठें व किती पगारावर आहेत? यांचीं उत्तरें जो टाळतो, त्याच्या दारांत पुन्हां पाऊल टाकूं नये. खाचर तर विकूंच नये. पदवी लागली नाहीं तर मनुष्य पुन्हां उभा राहतो; गेलेली जमीन परत येत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत जवळची. पदवी येईल तेव्हां येईल. आज बारा तास उभें राहून हातांत काय पडतें, हें आधीं तपासा. खासगी सुरक्षा रक्षकांसाठीं महाराष्ट्रानें १९८१ सालीं खास कायदा केला व त्याखालीं मंडळें नेमलीं. मंडळांत नोंद असलेल्या रक्षकाचा पगार मंडळामार्फत मिळतो व प्रॉव्हिडंट फंडाची सोय होते. आठवड्याच्या ४८ तासांवर काम घेतलें तर त्याची मजुरी दुप्पट दरानें मिळावी, असा कायद्याचा दंडक आहे. आमच्या किती मुलांस हें ठाऊक आहे? पगाराची चिठ्ठी मागितली तर "उद्यांपासून येऊं नको" हें उत्तर मिळेल, या भयानें तीं गप्प बसतात. एकटा गप्प बसतो; गांवचीं दहा जण मिळून विचारूं लागलीं तर उत्तर द्यावेंच लागतें.

आणि आयाबहिणींनो, हें काम पुरुषांचेंच आहे असें समजूं नका. इस्पितळें, मुलींचीं वसतिगृहें व कारखाने यांस स्त्री-रक्षक लागतात. मुलगी बारावी झाली कीं लग्नाची घाई करण्यापूर्वीं तिच्याहि शिक्षणाचा विचार व्हावा. लोहार-सुतारांच्या मुलांस तर कुलूप, कडी, बिजागरी यांची समज घरींच मिळते. तिला कायद्याची व कागदाची जोड मिळाली तर तीं कोणास हार जाणार नाहींत.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रयतेच्या शिक्षणाचें गाऱ्हाणें मांडलें. कर भरणारा रयत व विद्येचा लाभ घेणारे दुसरेच, हें तें दुखणें. आज शाळा गांवोगांव आहेत. पण विद्या कोणती घ्यावी, कोठून घ्यावी व तिचें मोल किती द्यावें, हें सांगणारा घरांत नसला कीं तेंच दुखणें नव्या रूपानें परत येतें.

असो. आमच्या त्या विद्यार्थ्यानें पत्रक आमच्या टेबलावरच ठेवलें. खाचर शाबूत आहे. तो सध्यां पाळी संभाळून मुक्त विद्यापीठाच्या अर्जाची चौकशी करीत आहे आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवूं लागला आहे. ज्यांच्या घरीं असें पत्रक आलें असेल, त्यांनीं सही करण्यापूर्वीं तें आपल्या गांवच्या मास्तराकडून वाचून घ्यावें. मास्तरांनींहि शाळा सुटल्यावर तेवढी अर्धी घटका द्यावी, ही आमची आमच्याच धंदेबंधूंस विनंती आहे.