डिलीट केलं म्हणजे दुरुस्त झालं?

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. मराठी विभागाच्या संपादिकेने हॉस्टेलच्या जिन्यात गाठलं आणि "मेकॅनिकलची आहेस ना, मग गाडीवर लिही" असं फर्मान सोडलं. तर गाडीवरच लिहिते. गाडी मामाची, चूक माझी.

मामा राहतो खालापूरजवळ, नोकरी तळेगाव एमआयडीसीत. म्हणजे रोज बोरघाट, कधी फर्स्ट शिफ्टला तर कधी नाईटला. गाडी १.३ लिटर डिझेल, २०१५ ची. हे मूळ फियाटचं इंजिन आपल्याकडे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. पण आपल्या स्टाफ पार्किंगमध्ये मोजून बघा, दोन-चार तरी सापडतील.

मामाची तक्रार एकच. "घाटात हिच्यात जीव नाही गं राहिला." आधी तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, आता दुसरा टाकावा लागतो. मी नुकताच टर्बोचार्जिंगचा चॅप्टर संपवलेला, अंगात इंजिनिअर संचारलेला. म्हटलं, "मामा, ट्यून करू या!" मामेभाऊ तर तयारच होता. पुण्याहून ट्यूनिंग बॉक्स आणला आणि अर्ध्या तासात बसवला.

हा बॉक्स करतो काय? खोटं बोलतो. डिझेलच्या रेलमधलं प्रेशर मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे तो बसतो. खरं प्रेशर समजा १२०० बार असेल, तर ईसीयूला ११०० सांगतो. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त जातं. पॉवर वाढते, हे खरं. पहिला आठवडा मामा खूश, मी कॉलर ताठ.

मग आरशात काळा धूर दिसायला लागला. त्यानंतर चेक इंजिनचा दिवा. मग घाटात ३००० आरपीएमच्या आसपास गाडी एकदम बसायची, म्हणजे लिंप मोड. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा ठीक. मी ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट.

त्या रात्री मेसमध्ये जी चर्चा झाली, ती व्हायव्हाला झाली असती तर सगळे फर्स्ट क्लास! एक म्हणाली टर्बो गेला. दुसरी म्हणाली ईजीआर चोकअप. तिसरीने एअरफ्लो सेन्सरवर पैज लावली. खरं तर त्या कोडचा अर्थ एवढाच, की ईसीयूला हवेचा जेवढा दाब अपेक्षित होता तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. पण आमच्या ॲपवर 'क्लिअर' असं छान हिरवं बटण होतं. मी ते दाबलं. एकदा नाही, तीनदा. दर वेळी मामाला सांगितलं, "झालं."

चौथ्या वेळी मामा नाईट शिफ्टला निघाला होता. खोपोलीच्या वर, वळणावर, चढाला गाडी बसली. मागे कंटेनर. त्याच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक लावला म्हणून हा लेख गमतीच्या सुरात लिहू शकतेय. मामाने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "काल गाडी जरा बसली होती." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मग खोपोलीचे एक मिस्त्री. मी लॅपटॉप उघडणार तेवढ्यात म्हणाले, "ताई, ते राहू द्या. आधी तो डबा काढा." डबा काढला, मूळ कनेक्टर जोडले. धूर कमी झाला, पण गाडीत जीव नव्हताच. मग त्यांनी टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाईप सोडवला, तोंडं बंद केली, कॉम्प्रेसरची थोडीशी हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. पंक्चरवाला करतो तेच! खालच्या बाजूने बुडबुडे. पाईपला चीर होती, नुसती ठेवली तर मिटलेली, दाब आला की उघडणारी. हवा मोजून आत घेतलेली, पण वाटेतच गळणारी. डिझेल मात्र जास्तीचं. धूर येणार नाही तर काय?

खरा धक्का पुढेच. चिरेभोवती तेल आणि धूळ यांचा जाड, वाळलेला थर होता. मिस्त्रींनी नखाने खरवडून दाखवला. "हे महिन्याभरातलं नाही." म्हणजे चीर डब्याच्या आधीची. मामाची मूळ तक्रार तीच होती! आजारी गाडीला मी टॉनिक पाजलं, आणि चीर बहुधा त्यानेच वाढली. काही शे रुपयांचा पाईप बदलला. डब्याशिवाय गाडी आता तिसऱ्यात घाट चढते.

म्हणून माझं स्पष्ट मत. ट्यून केलेल्या गाडीत बिघाड झाला, तर पहिलं काम ट्यून काढून बघणं. ईसीयूला खोटं सांगायचं आणि मग त्यालाच विचारायचं की काय बिघडलंय, हे कुठलं लॉजिक? आणि ट्यून करण्याआधी गाडी मुळात कंपनीने दिलेली पॉवर तरी देतेय का, ते तपासा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. विमा कंपनीला आम्ही कळवलं होतं का? नाव नको.

कर्जतकरांना तर उदाहरण रोज समोर दिसतं. घाट चढायला एक इंजिन पुरत नाही, तर रेल्वे मागून बँकर लावते. दर ३७ फुटांना एक फूट चढ, तिथे पुढच्या इंजिनाला कोणी खोटं सांगत बसत नाही.

थोडी तक्रार कॉलेजबद्दलही (सर, सबमिशन अडवू नका). प्रॅक्टिकलला आपल्यासमोर येतं ते कायम चालू इंजिन. रीडिंग घ्या, ग्राफ काढा, जर्नल सही करून घ्या. आजारी इंजिन आम्हाला कोणी दिलंच नाही. वर्कशॉपमध्ये एक तरी इंजिन मुद्दाम बिघडवून ठेवा, आणि स्कॅनर कपाटात बंद करा. तीन तासांत शोधून दाखवू, नाहीतर केटी लावा.

डबा सध्या माझ्या हॉस्टेलच्या कपाटात पडून आहे. सेकंड इयरचा एक जण विकत मागतोय. त्याला म्हटलं, आधी गाडी घेऊन ये. साबणाचं पाणी माझ्याकडे आहे.