कॉकटेल नर की मादी?

प्रश्न : मुलांच्या हट्टामुळे ईदला राखाडी कॉकटेलचं पिल्लू आणलं. दुकानदाराने नर म्हणून दिलं. आता ते वर्षाचं झालं, पण चेहरा राखाडीच आहे आणि शीळही घालत नाही. ओळखावं कसं? (एक भगिनी)

उत्तर : भगिनी, तुमच्या वर्णनावरून ती मादी दिसते. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असंही नाही. राखाडी कॉकटेलची सगळी पिल्लं लहानपणी मादीसारखीच दिसतात. साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान जुनी पिसं गळून नवी येतात, तेव्हा नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि गालावरचा नारंगी ठिपका उठून दिसतो. मादीचा चेहरा मळकट राखाडी राहतो. तिच्या शेपटीखाली पिवळसर आडवे पट्टे आणि पंखाखाली पिवळे ठिपके कायम राहतात.

पिवळ्या-पांढऱ्या लुटिनो जातीत चेहऱ्यावरून कळत नाही. तिथे शेपटीची पिसं उजेडात पाहावीत. मादीच्या पिसांवर फिकट पट्टे दिसतात. अंगावर ठिगळासारखे डाग असलेल्या पाइड जातीत रंगावर विसंबूच नये. नर बहुधा शीळ घालतो, ऐकलेले सूर उचलतो, पंख किंचित उचलून मिरवतो. मादी शांत असते. पण हा फक्त अंदाज. खात्री हवी असेल तर पिसाची किंवा रक्ताची डीएनए तपासणी करावी.

हे कळणं गरजेचं आहे, कारण मादी जोडीदार नसतानाही अंडी घालते. ती अंडी फळत नाहीत, पण त्यांत तिच्या अंगातलं कॅल्शियम खर्च होतं. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेण ठेवा, फक्त बियांवर न ठेवता हिरवा पालाही द्या. रात्री बारा तास अंधार व शांतता मिळू द्या. डबा, खोकं अशी घरट्यासारखी जागा देऊ नका आणि मुलांना तिच्या पाठीवरून हात फिरवू देऊ नका. त्याने अंडी घालण्याची इच्छा वाढते. मान आणि डोकं खाजवलेलं चालतं.

पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, कण्हल्यासारखा जोर लावत असेल, शेपटी वरखाली हलत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. पोट दाबू नका, तेल घालू नका. उबेत ठेवून तातडीने पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. अशा वेळी काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. मुक्या जिवाला दुखणं सांगता येत नाही; लक्ष आपणच ठेवायचं.