पोट सुटले म्हणजे भूक मिटली काय?

गरीब म्हटला की हाडांचा सापळा आणि शेठजी म्हटला की सुटलेले पोट, हे चित्र आपल्या मनावर इतके ठसले आहे की, एखादी कष्टकरी बाई अंगाने स्थूल दिसली तर ‘हिला काय कमी आहे?’ असे म्हणावयास आपण मोकळे होतो. हा समज चुकीचा आहे. राज्यकर्त्यांच्या धोरणात तो शिरला म्हणजे घातकही ठरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शेकडा २४ स्त्रिया वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या आढळल्या आणि शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय होता. स्थूलता सुखवस्तू घरांत अधिक, हे खरे. परंतु ती आता गरिबाच्या उंबरठ्याच्या आतही आली आहे, आणि तेथे ती सुबत्तेची खूण खास नव्हे.

निपाणीच्या विड्या वळणाऱ्या भगिनींचेच पाहा. दिवसभर एका जागी बैठक, आणि मजुरी हजार विड्यांमागे. पैसा अपुरा पडला की ताटातून प्रथम डाळ जाते, मग दूध, भाजी आणि फळे. उरतो तो भात, साखरेचा चहा आणि स्वस्त तेलातले तळण. कारण रुपयामागे पोट अधिक भरते ते यांनीच. देहात चरबी साचते आणि रक्त मात्र उपाशी राहते.

ही उपासमार पुढच्या पिढीपर्यंत पोचते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातांचा व बालकांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. मात्र आपल्या या किरकोळ बाळांच्या अंगी स्नायू कमी असले, तरी चरबी त्या मानाने राखलेली होती. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुसंख्य लाभार्थींना दरमाणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु कायद्यात भरड धान्याचे नाव असूनही गरिबाच्या पिशवीत बव्हंशी पडतो तो तांदूळ वा गहू. ज्वारीची भाकरी आणि कडधान्याची उसळ ज्या मुलखाचे पिढीजात अन्न, तेथील माणसाला ज्वारी आणि डाळ महाग व्हावी, ही विटंबना नव्हे काय?

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्या न्यायाचा आमचा आग्रह अढळ आहे. पण सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, पोट एकच आहे. म्हणून मुंबई आणि बंगळूर या दोन्ही सरकारांना आमचे सांगणे आहे : शिध्यात ज्वारी, डाळ आणि शेंगदाणे यांना कायमचे स्थान द्या, गर्भवतीच्या आहाराची आबाळ थांबवा आणि अन्नसुरक्षेचा हिशेब केवळ पोत्यांत मांडू नका.