घर उन्हाला विचारून बांधावे

दिवाळी म्हटली की घराची झाडलोट, रंगसफेदी आणि पाठोपाठ ‘आता मोठी जागा पाहिली पाहिजे’ हा विषय ठरलेलाच. पाडव्याच्या मुहूर्तावर जागेची बोलणी करणारी कुटुंबे आमच्या नाशकात थोडीथोडकी नाहीत. भाव काय, लिफ्ट आहे का, गाडी कोठे ठेवायची, सारे विचारून होते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: दुपारचे ऊन कोणत्या खोलीत येणार?

आमच्या पणजोबांना हा प्रश्न विचारावा लागत नसे. त्याचे उत्तर गवंड्या-सुतारांच्या हातातच असे. नाशिक जिल्ह्याचेच पाहा ना. इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या नाशिक शहरात तो 700च्या आसपास येतो, आणि येवल्याकडे गेले की त्याहूनही कमी. म्हणून घाटमाथ्यावर घरांची छपरे उतरती, भिंती झाकतील इतकी पुढे आलेली. पूर्वेकडच्या कोरड्या गावांत मातीची सपाट धाबी. दिवसा त्यांवर धान्य वाळवावे, उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकावे. जिल्हा एक, परंतु पावसाने घरांचे नकाशे निरनिराळे काढून दिले.

आणि मधल्या नाशकात वाडा. काळ्या पाषाणाचे उंच जोते, सागवानी खांब, हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि मध्ये उघडा चौक. एप्रिलमध्ये येथे दुपार आणि पहाट ह्यांच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो. जाड भिंत दिवसाचे ऊन पोटात घेते आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. रात्रीची गार हवा जड, ती चौकात उतरून बसते. दुपारी चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि ओसरी-पडवीच्या सावलीतली हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही, आणि तरी माजघरात दुपारची डुलकी लागत असे!

ह्याचा अर्थ पुन्हा वाडे बांधा असे मी म्हणत नाही. अंधाऱ्या खोल्या, अंगावर येणारे जिने आणि अंगणापलीकडचा सामाईक संडास ज्यांनी सोसला आहे, त्यांना वाड्याचे गोडवे कोणी सांगू नयेत. पावसाळ्यात जुन्या नाशकात कोठे ना कोठे वाड्याची भिंत ढासळल्याची बातमी येते, तेव्हा पोटात गोळा उठतो. भिंती जाऊ द्याव्यात. त्यांच्यामागचा हिशेब तेवढा ठेवावा.

हिशेब अवघड नाही. नाशिक 20 अक्षांशावर आहे. 20-21 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायातच मावते. 22 डिसेंबरला तोच सूर्य दक्षिणेकडे कलून आकाशात अर्ध्यावरच राहतो. आता दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचे छज्जे काढा. डिसेंबरात भरदुपारी खालच्या अर्ध्या खिडकीतून ऊन आत येईल, आजीबाईंची थंडीची सोय होईल; एप्रिल-मे महिन्यांत त्याच वेळी सारी खिडकी सावलीत राहील. पश्चिमेकडे मात्र हे छज्जे कुचकामाचे. संध्याकाळचे ऊन तिरपे येते, थेट आत शिरते. तिकडे जिना, न्हाणीघर किंवा निदान गॅलरी असावी.

‘हे बंगल्यात जमेल, फ्लॅटमध्ये कसले?’ असे कोणी म्हणेल. मुंबईला पेडर रोडवर चार्ल्स कोरिया ह्यांनी बांधलेली कांचनजंगा ही इमारत 1983 साली पुरी झाली. अठ्ठावीस मजले, बत्तीस फ्लॅट. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, आणि तळपते ऊन व पावसाचा मारादेखील त्याच बाजूचा. जुन्या बंगल्यांनी ह्यावर भोवती व्हरांडा घेऊन तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या करून बसवला. श्रीमंतांची इमारत खरी, पण युक्ती गरिबाच्या पडवीचीच.

यंदा आमचाही वाडा नव्या इमारतीसाठी द्यायचे ठरले. चौघा भावांचे चार फ्लॅट. नकाशा आला तो सर्वांच्या निजायच्या खोल्या पश्चिमेला, आणि वारा आत आला तर बाहेर पडायला वाट नाही. आमच्या घरातून सूचना निघाली की जिना पश्चिमेला न्यावा आणि मध्ये वाऱ्यासाठी उघडी जागा सोडावी. त्यासाठी प्रत्येकाचे तीस चौरस फूट जाणार होते. धाकटा भाऊ उसळला, ‘‘वहिनी, तीस फुटांचा भाव ठाऊक आहे का?’’

‘‘ठाऊक आहे, भाऊजी. भाव एकदाच द्यायचा. विजेचे बिल दरमहा येते. आणि वीज गेली म्हणजे सासूबाईंनी कोठे बसायचे?’’

त्यावर कोणी काही बोलेना. मग आईच म्हणाली, ‘‘माझ्या वाटणीतले कमी करा.’’ तेव्हा धाकट्याने मुकाट्याने पहिली सही केली. तीस फूट चौघांचेही गेले.

तेव्हा वाचकहो, जागा अवश्य पाहा, पण सकाळी दहाला जाऊन चहा घेऊन परत येऊ नका. दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा, समोरासमोरच्या खिडक्या उघडून उदबत्ती पेटवा आणि धूर कोणीकडे जातो ते बघा. दिवाळीतले ऊन सौम्य असते, त्याच्या भरवशावर राहू नका. मे महिना दर वर्षी येतो, आणि तेव्हा घरात आपल्यालाच राहायचे असते.