कॅमेऱ्याचें नांव आणि कॅमेऱ्याचा भरंवसा

शाळेच्या छायाचित्र-मंडळासाठीं नवा कॅमेरा विकत घ्यावयाचा, असें ठरल्यापासून आमच्या वरच्या वर्गांत दोन तट पडले आहेत. एक निकॉनचा, दुसरा कॅननचा. सोनीचे कैवारी संख्येनें थोडे, पण आवाजानें मोठे. प्रत्येकाचें म्हणणें एकच: आमचा कॅमेरा दणकट, तुमचा तकलादू. वाद खेळीमेळीचा आहे हें खरें. परंतु हा पैसा मुलांनीं घरोघरची रद्दी गोळा करून जमविलेला आहे, आणि तो एकदांच खर्च होणार आहे. म्हणून ह्या प्रश्नासंबंधानें आमचें मत येथें मांडावें असें आम्हांस वाटतें.

ह्या बाबतींत आमचे हात एकदां चांगलेच पोळले आहेत. २००८ सालीं, तीस वर्षांहून अधिक काळ शाळेची घंटा इमानानें देणाऱ्या आमच्या वृद्ध शिपायांचा निरोप-समारंभ होता. कॅमेरा नामांकित कारखान्याचा, विटेसारखा जड; तो निवडला होता आम्हींच. गळ्यांत हार पडला, मुलें ओळीनें उभीं राहिलीं, आणि शटर जें अडकलें तें अडकलेंच. त्या वेळीं प्रत्येकाच्या खिशांत चित्रें काढणारा फोन आलेला नव्हता. 'पुन्हां केव्हां तरी काढूं,' असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. पुढच्याच पावसाळ्यांत ते गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा चित्र मागावयास आला, तेव्हां त्याच्या हातीं देण्यासारखें आमच्याजवळ कांहींएक नव्हतें. कारखान्याचें नांव आम्ही सांगत नाहीं; कारण अपराध त्याचा किती, आणि तो कॅमेरा सबंध पावसाळाभर कातडी पेटींत कोंडून ठेवणाऱ्या आमचा किती, ह्याचा निवाडा आम्हांला अद्याप करितां आलेला नाहीं.

मजबुती आणि भरंवसा ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतों, येथेंच चूक होते. बाहेरचा सांगाडा धक्का किती सोसतो, ही मजबुती. आंतला प्रत्येक भाग हजारों वेळां तेंच काम बिनचूक करितो कीं नाहीं, हा भरंवसा. जर्मनींतील वेट्झलर येथील लायका १९२५ सालीं आणि जपानचा निकॉन एफ १९५९ सालीं बाजारांत आला. दोहोंचेंही शरीर धातूचें आणि शटर घड्याळासारखें यांत्रिक. त्यामुळें जडपणा आणि भरंवसा बहुधा एकत्र नांदत. पुढें १९७६ सालीं कॅननचा एई-१ निघाला. त्याचें वरचें झांकण धातूसारखें दिसणाऱ्या प्लॅस्टिकचें होतें. तरीही त्यांतील कित्येक कॅमेरे आजही काम देत आहेत. आमच्याकडील जुन्या घरांतून आढळणारा अॅग्फा क्लिक थ्री तर एक साधा डबाच. बिघडण्यासारखें त्याच्यांत फारसें नव्हतें, म्हणून तो फारसा बिघडत नसे.

आतां अलीकडचीं उदाहरणें पाहूं. निकॉनचा डी ६०० हा २०१२ सालीं निघाला. वरची व मागची बाजू मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची; पण आंतल्या सेन्सरवर डाग पडूं लागले. शेवटीं २०१४ सालीं, हमीची मुदत संपलेल्यांसही शटर फुकट बदलून देण्याचें कारखान्यानें जाहीर केलें. कॅननच्या २००५ सालच्या ५ डी ह्या भक्कम कॅमेऱ्याचा आंतला आरसा कांहीं ठिकाणीं निखळून पडे. तोही कारखान्यानें फुकट बसवून दिला. पेन्टॅक्सचा २०१२ सालचा के-३० किंमतीच्या मानानें पावसापासून उत्तम सुरक्षित. पण भिंगाचें छिद्र लहानमोठें करणारा त्यांतील एक चिमुकला भाग अनेकांच्या कॅमेऱ्यांत निकामी झाला, आणि चित्रें काळवंडून येऊं लागलीं. तिन्ही घराणीं नामांकित, तिन्ही सांगाडे मजबूत. दगा दिला तो आंतल्या लहानशा भागानें. म्हणून घराण्याचें नांव विचारण्यापूर्वीं त्या विशिष्ट नमुन्याचा इतिहास विचारावा, आणि दोष उघड झाल्यावर कारखाना कसा वागला हेंही विचारावें.

पाऊस आणि धूळ ह्यांपासून संरक्षणाचे दावे प्रत्येक कारखाना आपापल्या शब्दांनीं करितो. सर्वांना एकच माप लावलेलें नसतें. अमेरिकेंतील रॉजर सिकाला ह्यांनीं २०१७ सालीं सोनीचा ए ७ आर ३ उघडून पाहिला, तेव्हां त्यांना इतर बाजूंचा बंदोबस्त चांगला, पण तळाचा दुबळा आढळला. ओएम सिस्टिमच्या २०२२ सालच्या ओएम-१ ह्या कॅमेऱ्याला मात्र आयपी ५३ असें ठराविक कसोटीचें प्रमाण आहे. असें प्रमाण शब्दांपेक्षां आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतें.

शटरच्या आयुष्याचे आंकडेही मुलें तोंडपाठ म्हणतात. कॅननच्या ५ डी मार्क ४ ला दीड लक्ष, निकॉनच्या डी ८५० ला दोन लक्ष, कॅननच्या १ डी एक्स मार्क ३ ला पांच लक्ष. हे आंकडे कारखान्यांनीं केलेल्या चांचणीचे आहेत. तें वचन नव्हे. शिवाय आपली गरज किती? आपण वर्षाला पांच हजार चित्रें काढलीं, तरी दीड लक्षांना तीस वर्षें लागतील. वृत्तपत्राच्या चित्रकारासाठीं बनविलेल्या कॅमेऱ्यावर शाळेनें पैसा ओतणें म्हणजे विहिरीच्या पाण्यासाठीं जहाजाचा दोर विकत घेणें होय.

कोणी म्हणेल, मग सर्व कारखाने सारखेच कीं काय? तसें नव्हे. फरक आहेत, पण कारखान्याचें भवितव्यही कोणाच्या हातीं नसतें. कोनिका मिनोल्टानें २००६ सालीं हा धंदाच सोडला. ऑलिम्पसनें २०२१ सालीं आपला कॅमेऱ्यांचा विभाग दुसऱ्या कंपनीच्या स्वाधीन केला. ज्याचा सुटा भाग मिळत नाहीं, तो कॅमेरा पोलादाचा असला तरी शोभेची वस्तु होय.

आमचें मत असें. कॅमेरा मध्यम किंमतीचा घ्यावा. बाजारांत येऊन निदान दोन वर्षें झालेला, म्हणजे ज्याचे गुणदोष उघड झालेले आहेत असा, आणि ज्याची दुरुस्ती आपल्या जिल्ह्यांत होऊं शकते असा घ्यावा. मग त्यावर निकॉन लिहिलेलें असो, कॅनन असो वा सोनी असो. उरलेल्या पैशांतून घट्ट झांकणाचा डबा, ओल शोषणारी सिलिका जेल आणि एक जादा बॅटरी घ्यावी. आपल्या पावसाळ्यांत भिंगावर चढणारी बुरशी कोणत्याही घराण्याचें नांव वाचून मागें फिरत नाहीं. दर शनिवारीं कॅमेरा बाहेर काढून, पुसून, चालवून पाहण्याचें काम पाळीपाळीनें मुलांकडे द्यावें आणि त्याची नोंदवही ठेवावी. हें आम्हीं २००८ सालीं केलें असतें, तर शटरचा दोष समारंभाच्या आधींच कळला असता.

आणि एक विनंति. नवा कॅमेरा ज्या दिवशीं येईल, त्याच दिवशीं पहिलें चित्र सध्यां घंटा देणाऱ्या आपल्या शिपायांचें काढावें, आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरीं नेऊन द्यावी. त्यांच्या निरोप-समारंभाची वाट पाहूं नये.